लोकलज्जा

लोकलज्जा : इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो, ह्या जाणिवेतून व्यक्तीच्या मनात उत्पन्न होणारी अवघडलेपणाची भावना. आपल्या हातून काही चूक, विसंगती वा अनौचित्य घडले असून ते दुसऱ्याने पाहिले आहे किंवा तो पाहील, अशी कल्पना ह्या भावनेच्या मुळाशी असते. तिच्या सौम्य व क्षणिक रूपास ओशाळलेपणा म्हणतात. तीव्र व दीर्घकाळ टिकणारे रूप लज्जा वा शरम ह्या नावाने ओळखले जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी समाजमाध्यमांचा प्रसार झाल्यापासून पाहणाऱ्या लोकांची संख्या, त्यांचे व्यक्तीशी असलेले नाते आणि त्यांच्या स्मरणाचा कालावधी ही तिन्ही बदलली. त्यामुळे लोकलज्जेचे स्वरूप व तिच्याशी निगडित असलेला सच्चेपणाचा प्रश्न ह्यांना नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.

शब्दविचार : मराठीत ह्या भावनेच्या निरनिराळ्या छटांसाठी स्वतंत्र शब्द रूढ आहेत. दुसऱ्याच्या वडीलकीमुळे किंवा निकटच्या संबंधामुळे मनातील गोष्ट बोलता न येणे, ही ‘भीड’ होय. आपली चूक दुसऱ्याच्या ध्यानी आल्यावर माणूस ‘ओशाळतो’. ती उघडपणे दाखवून दिली गेल्यावर त्याचा आवेश उतरतो व तो ‘वरमतो’. फजितीनंतर तो ‘खजील’ होतो. ‘चारचौघांत’ हा शब्दप्रयोग विशेष लक्षणीय आहे. ज्यांच्यासमोर लाज वाटावयाची ते लोक मोजके, ओळखीचे आणि समोर उपस्थित असलेले असतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी’ ह्या प्रचलित उक्तीत लज्जेची दोन न्यायासने मानली आहेत : एक लोकांचे व दुसरे स्वतःच्या मनाचे. ही दोन्ही परस्परांपासून भिन्न असून पहिल्याच्या अभावी दुसऱ्याचा आधार घेता येतो, असा तिचा आशय आहे.

प्राचीन भारतीय साहित्यविचारातही ह्या भावनेची नोंद आढळते. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या तेहेतीस व्यभिचारी भावांत ‘व्रीडा’ हा एक भाव आहे. मान खाली घालणे, तोंड लपविणे, जमिनीवर रेघा ओढणे, वस्त्राशी वा अंगठीशी चाळा करणे ही तिची बाह्य लक्षणे तेथे दिली आहेत. ही भावना शरीरावर उमटते आणि पाहणाऱ्यास ती ओळखता येते, हे तत्त्व नाट्यप्रयोगाच्या दृष्टीने त्या काळीच मान्य झाले होते.

मानसशास्त्रीय स्वरूप : ब्रिटिश निसर्गवैज्ञानिक चार्ल्स डार्विन (१८०९–८२) ह्याने द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स (१८७२) ह्या ग्रंथात चेहऱ्यावर येणाऱ्या लालीस एक स्वतंत्र प्रकरण दिले. भावना व्यक्त करण्याच्या सर्व प्रकारांत लाली ही सर्वाधिक मानवी आहे, असे त्याचे मत होते. इतर लोक आपल्याविषयी काय विचार करीत असतील, हा विचार लाली येण्यास कारणीभूत होतो, असे त्याने प्रतिपादिले. लाली इच्छेने आणता येत नाही व इच्छेने थांबविताही येत नाही. म्हणूनच ती पाहणाऱ्यास विश्वसनीय वाटते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली (१८६४–१९२९) ह्याने ह्युमन नेचर अँड द सोशल ऑर्डर (१९०२) ह्या ग्रंथात ‘आरशातील स्व’ ही संकल्पना मांडली. दुसऱ्यास आपण कसे दिसतो ह्याची कल्पना, त्या दिसण्याविषयी तो काय निर्णय करील ह्याची कल्पना आणि त्यांतून निर्माण होणारा अभिमान वा खजीलपणा, असे तिचे तीन घटक आहेत. ह्यांपैकी पहिले दोन घटक काल्पनिक आहेत, ही गोष्ट महत्त्वाची होय. माणूस इतरांच्या प्रत्यक्ष मताने नव्हे, तर त्या मताविषयीच्या स्वतःच्या अंदाजाने ओशाळतो.

ही भावना जन्मतः प्रकट होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल लुइस व त्याचे सहकारी ह्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांच्या नाकावर त्यांच्या नकळत तांबडा रंग लावून त्यांना आरशासमोर आणले. आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे ओळखून जी मुले स्वतःच्या नाकास हात लावीत, त्यांच्यांतच ओशाळल्याची लक्षणे प्रामुख्याने दिसून आली. ही क्षमता साधारणपणे वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात येते. स्वतःकडे बाहेरून पाहता येणे, ही ओशाळण्याची पूर्वअट आहे, असा ह्याचा अर्थ होतो.

ओशाळलेपणा, लज्जा व अपराधभावना ह्यांत भेद केला जातो. ओशाळलेपणा अचानक येतो, थोडा वेळ टिकतो, बहुधा किरकोळ प्रसंगातून उद्‌भवतो आणि पुढे तो प्रसंग हसून सांगता येतो. लज्जेत एखाद्या कृतीऐवजी स्वतःचे संपूर्ण व्यक्तिमत्त्वच हीन असल्याची जाणीव असते. अपराधभावनेचा रोख मात्र विशिष्ट कृत्यावर असतो व ती भरपाईस प्रवृत्त करते. किरकोळ प्रमादाबद्दलचा ओशाळलेपणा जेव्हा विरून जात नाही, तेव्हा त्याचे लज्जेत रूपांतर होण्याचा धोका संभवतो.

सामाजिक कार्य : ओशाळणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. समाजशास्त्रीय व मानसशास्त्रीय संशोधन मात्र निराळा निष्कर्ष सुचविते. कॅनडात जन्मलेला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन (१९२२–८२) ह्याने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओशाळलेपणाचा विचार सामाजिक व्यवस्थेचा एक घटक म्हणून केला. त्याच्या विवेचनानुसार प्रत्येक भेटीगाठीत माणूस स्वतःची एक विशिष्ट प्रतिमा सादर करीत असतो. ती प्रतिमा उघडी पडली की तो ओशाळतो. परंतु ओशाळून तो हेही दर्शवितो, की ही त्रुटी त्याला स्वतःला मान्य नाही आणि पुढे आपण अपेक्षेस उतरू. उपस्थित मंडळीही बहुधा कानाडोळा करून, विषय बदलून किंवा हलकासा विनोद करून त्याची प्रतिष्ठा सावरण्यास मदत करतात. अशा रीतीने चूक करणारा व पाहणारा मिळून प्रसंगाची दुरुस्ती करतात.

ह्या मतास प्रयोगांनी दुजोरा दिला आहे. ग्यून सेमिन व अँटनी मॅनस्टेड ह्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुकानातील वस्तूंची रास चुकून पाडणाऱ्या माणसाची चित्रफीत दाखविण्यात आली होती. ज्या चित्रफितीत तो ओशाळलेला दिसत होता, तीत तो प्रेक्षकांना अधिक आवडला. मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर व डॅकर केल्टनर ह्यांच्या २०१२ मधील संशोधनात, सहज ओशाळणाऱ्या व्यक्ती अधिक उदार वृत्तीच्या असल्याचे व इतरांनाही त्या अधिक विश्वासार्ह वाटत असल्याचे आढळले.

आपल्याकडे इतरांचे जितके लक्ष आहे असे माणसास वाटते, तितके ते बहुधा नसते. टॉमस गिलोविच व त्याचे सहकारी ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका गायकाचे चित्र असलेला व तरुणांना संकोच वाटेल असा सदरा घालून विद्यार्थ्यास इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविले. सुमारे निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल, असा त्याचा अंदाज असे. प्रत्यक्षात सुमारे एकचतुर्थांश लोकांनीच ते ओळखले होते.

ह्या सर्व विवेचनावरून असे दिसते, की ओशाळलेपणा ही मूलतः दुरुस्तीची यंत्रणा आहे. ती नीट चालण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : ओशाळल्याची खूण पाहणाऱ्यास दिसली पाहिजे, पाहणारे मर्यादित व प्रसंगाची पार्श्वभूमी जाणणारे असले पाहिजेत, आणि काही काळाने त्यांना त्या प्रसंगाचा विसर पडला पाहिजे.

समाजमाध्यमांचा परिणाम : फेसबुक (स्थापना २००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६, २०२३ पासून एक्स), व्हॉट्सॲप (२००९) व इन्स्टाग्राम (२०१०) ह्या सेवांमुळे सामान्य व्यक्तीस आपले विचार, छायाचित्रे व चित्रफिती मोठ्या समुदायापुढे मांडणे शक्य झाले. अनेकांना त्यामुळे प्रथमच आवाज मिळाला. तथापि वर सांगितलेल्या तिन्ही अटी ह्या माध्यमांत दुर्बल होतात.

पहिली गोष्ट म्हणजे खूण दिसत नाही. लिहिणाऱ्याचा चेहरा लाल झाला, त्याने मान खाली घातली, हे वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याने क्षमायाचना लिहिली तरी ती इच्छेने रचलेली असते. लालीप्रमाणे ती अनिच्छेने आलेली नसल्याने तिच्या खरेपणाविषयी शंका घेता येते. उलट, निर्भर्त्सना करणाऱ्यासही समोरच्याचे ओशाळणे दिसत नाही व त्यामुळे एरवी वाटणारी दया जागृत होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर ह्याने २००४ मध्ये महाजालावरील वर्तनात संयम सैल होण्याची कारणे विशद केली. अनामिकता, आपण दिसत नसल्याची जाणीव व प्रतिसाद लगेच ऐकावा न लागणे, ही त्यांपैकी काही होत.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांच्या सरमिसळीची. गॉफमनने द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ ह्या ग्रंथात रंगमंच व नेपथ्य ह्यांचे रूपक वापरून दाखविले होते, की माणूस निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे निरनिराळ्या भूमिका करतो व त्या प्रेक्षकांना परस्परांपासून दूर ठेवतो. जोशुआ मायरोविट्झ ह्याने नो सेन्स ऑफ प्लेस (१९८५) मध्ये दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांमुळे ह्या भिंती विरळ होत असल्याचे दाखवून दिले. ॲलिस मार्विक व दाना बॉइड ह्यांनी ट्विटर वापरणाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात ह्या स्थितीचे विवेचन करून, निरनिराळे श्रोतृवर्ग एकाच ठिकाणी गोळा होण्याच्या प्रक्रियेकडे लक्ष वेधले. गावाकडील आजी, कार्यालयातील वरिष्ठ, महाविद्यालयातील मित्र व अनोळखी माणूस हे सर्व एकच छायाचित्र एकाच वेळी पाहतात. मित्रांत जी थट्टा, ती वडीलधाऱ्यांपुढे उद्धटपणा व अनोळखी वाचकास गंभीर विधान वाटू शकते.

ह्या सरमिसळीचे एक उदाहरण महाराष्ट्रात घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणारी एक तरुणी व त्या मतास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण ह्यांना अटक झाली. परिचितांच्या वर्तुळात एरवी बोलून विसरले गेले असते असे मत अपरिचितांपर्यंत पोहोचल्याने प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. ह्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कायद्याचा धाक त्यामुळे कमी झाला. लोकांच्या निवाड्याचा प्रश्न मात्र न्यायालयीन निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिला.

तिसरी गोष्ट विस्मरणाची. बोललेला शब्द हवेत विरतो. लिहिलेला व चित्रित केलेला मजकूर साठविला जातो, शोधता येतो आणि मूळ संदर्भापासून तोडून पुनःपुन्हा प्रसृत करता येतो. मूळ लेखकाने तो काढून टाकला तरी त्याची प्रतिमा दुसऱ्याच्या हाती उरू शकते. परिणामी विशीत केलेले विधान तिशीतील व्यक्तीस चिकटून राहते आणि माणूस बदलू शकतो, ह्या गृहीतासच बाध येतो.

ह्यांखेरीज निवाड्यास संख्येचे रूप आले. फेसबुकने २००९ साली पसंतीदर्शक कळ उपलब्ध केली. इतरांचे मत हा कूलीच्या काळी अंदाजाचा विषय होता. आता त्याची मोजदाद सर्वांसमक्ष होऊ लागली. गिलोविचच्या प्रयोगातून मिळणारा दिलासा, म्हणजे लोक आपल्याकडे फारसे पाहत नाहीत हा, येथे दोन्ही बाजूंनी निरुपयोगी ठरतो : पुष्कळांनी पाहिले तर ती संख्या दिसते, आणि कोणीच दखल घेतली नाही तर तेही दिसते. साधे मौन हाही एक निवाडा बनतो.

सच्चेपणाचा प्रश्न : लोकांच्या मताची पर्वा न करता स्वतःशी प्रामाणिक राहावे, हा लोकलज्जेवरील उपाय म्हणून वारंवार सुचविला जातो. ह्या विचारास दीर्घ परंपरा आहे. फ्रेंच विचारवंत झां झाक रूसो (१७१२–७८) ह्याने समाजात वावरणारा माणूस इतरांच्या मतावर जगतो, अशी टीका केली व आत्मचरित्रात स्वतःचे लाजिरवाणे प्रसंगही उघड केले. अमेरिकन समीक्षक लायोनेल ट्रिलिंग (१९०५–७५) ह्याने सिन्सिॲरिटी अँड ऑथेंटिसिटी (१९७२) ह्या व्याख्यानसंग्रहात, इतरांशी प्रामाणिक असण्याच्या जुन्या आदर्शाची जागा स्वतःशी प्रामाणिक असण्याच्या आदर्शाने कशी घेतली, ह्याचा मागोवा घेतला. झां पॉल सार्त्र (१९०५–८०) ह्याने १९४३ च्या आपल्या ग्रंथात कुलुपाच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. पावलांचा आवाज ऐकताच तो लाजतो, कारण त्या क्षणी आपण कोण आहोत हे त्याला दुसऱ्याच्या नजरेतून कळते. लज्जा केवळ सच्चेपणाच्या आड येत नाही. ती स्वतःविषयीचे सत्यही दाखवून देते, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील संत जनाबाई व राजस्थानातील संत मीराबाई ह्यांच्या काव्यांत लोकलाज टाकून दिल्याची भाषा आढळते. तथापि तेथे जनांची लाज सोडली जाते, ती परमेश्वरावरील निष्ठेसाठी. दुसऱ्या कोणा प्रेक्षकाची वाहवा मिळावी म्हणून नव्हे. समाजमाध्यमांतील सच्चेपणाची अडचण नेमकी हीच आहे. तेथे मोकळेपणालाही प्रेक्षक असतो व त्या मोकळेपणाचीही पसंती मोजली जाते. अश्रू, अपयश, घरातील पसारा ह्यांचे प्रदर्शन हाही एक संकेत बनतो आणि सच्चे दिसणे व सच्चे असणे ह्यांतील अंतर पुन्हा उत्पन्न होते. २०२२ मध्ये विशेष लोकप्रिय झालेल्या बीरियल ह्या सेवेत दिवसातून एकदा अनपेक्षित वेळी सूचना येऊन दोन मिनिटांत छायाचित्र काढणे अपेक्षित होते, जेणेकरून सजावटीस वाव राहू नये. परंतु उशिरा छायाचित्र टाकण्याची मुभा असल्याने वापरणाऱ्यास सोयीचा क्षण निवडता येई. प्रेक्षक कायम ठेवून केवळ तयारीचा वेळ कमी केल्याने सच्चेपणा येत नाही, हे त्यावरून दिसून आले.

शिवाय निरनिराळ्या लोकांपुढे निरनिराळे वागणे म्हणजे ढोंग नव्हे. आजारी आईशी, विद्यार्थ्याशी व जुन्या मित्राशी एकाच भाषेत बोलणारा माणूस अधिक खरा नसतो. तो समोरच्याची दखल न घेणारा असतो. कॅनडियन तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर ह्याने १९९१ साली मांडल्याप्रमाणे, सच्चेपणाचा आदर्श इतरांशी असलेल्या संवादातून व व्यक्तीबाहेरील मूल्यांच्या आधारानेच अर्थपूर्ण ठरतो. त्यांपासून तुटलेला सच्चेपणा पोकळ आत्ममग्नतेत परिणत होतो.

उपाय व मर्यादा : नष्ट झालेल्या अटी पुन्हा निर्माण करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. स्नॅपचॅट (२०११) ह्या सेवेत संदेश पाहिल्यानंतर नाहीसा होई. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये चोवीस तासांनी नाहीसा होणारा मजकूर व २०१८ मध्ये निवडक मित्रांपुरता मजकूर दाखविण्याची सोय केली. २०२१ मध्ये पसंतीची संख्या लपविण्याची मुभाही वापरणाऱ्यांस देण्यात आली. अनेक तरुण मोजक्या मित्रांसाठी दुसरे खाते ठेवतात. हे सर्व ‘चारचौघां’ची मर्यादा पुन्हा आखण्याचे प्रकार होत.

कायद्याच्या क्षेत्रात यूरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी दिलेल्या निर्णयाने, कालबाह्य व अप्रस्तुत माहितीचे दुवे शोधयंत्राच्या निकालांतून काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क काही मर्यादांसह मान्य केला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या यूरोपीय विदासंरक्षण नियमावलीत माहिती मिटविण्याच्या हक्काचा समावेश आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. २०२३ च्या वैयक्तिक अंकीय विदासंरक्षण अधिनियमात माहितीची दुरुस्ती व ती मिटविणे ह्यांविषयी तरतूद आहे. अशा हक्कांना वृत्तपत्रस्वातंत्र्य व लोकांचा माहितीचा अधिकार ह्यांच्या मर्यादा असणे स्वाभाविक आहे. सत्ताधारी वा धनिक व्यक्तींच्या गैरकृत्यांविरुद्ध लोकलज्जा हे दुर्बलांच्या हाती असलेले साधन आहे, हेही विसरता येत नाही. विशेषतः २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘मी टू’ चळवळीत, दीर्घकाळ पीडितांनी बाळगलेली लाज अत्याचार करणाऱ्यांकडे वळविली गेली.

तंत्र वा कायदा ह्यांनी मजकूर मिटविता येतो. पाहणाऱ्याची वृत्ती मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. ओशाळलेल्या माणसाकडे कानाडोळा करणे, त्याला सावरण्यास अवसर देणे व यथाकाल विसरणे, ही चारचौघांची जुनी जबाबदारी होती. समाजमाध्यमांत पाहणाऱ्यांची संख्या वाढल्याने ती प्रत्येकाच्या वाट्यास अल्प येते व त्यामुळे कोणीच पार पाडीत नाही. दुसरीकडे, मनाची लाज जपण्यासाठी जनांच्या नजरेपासून काही काळ दूर असणे आवश्यक असते, आणि तोच अवकाश सततच्या प्रदर्शनाने आकुंचित होतो. लोकलज्जेचा संपूर्ण लोप झाल्याने माणूस सच्चा होत नाही, तसेच तिच्या अखंड धाकाखालीही होत नाही. कोणापुढे ओशाळावे व कोणाच्या निवाड्याने विचलित होऊ नये, ह्याचा विवेक व्यक्तीस करता येणे आणि तो करण्यापुरती उसंत समाजाने तिला देणे, ह्यावरच सच्चेपणा अवलंबून असतो.